पाणी कोण घालतंय?

मी मूळची अकोल्याची, हे आधीच सांगून टाकते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. दुसऱ्या कुणी ते झाड बघितलं असतं तर "हे काय रान माजलंय" म्हणून पुढे गेलं असतं. मी मात्र दारातच थबकले आणि ओरडले, "अगं बाई, अंबाडी!"

तो सोमवार होता, आणि गुरुवारी कोर्टाची बाई आमचं घर बघायला येणार होती. माझा मुलगा मिहीर आणि त्याची बायको तनू वेगळे झाले, त्याला वर्ष होऊन गेलं; तेव्हापासून मिहीर आमच्याकडेच राहतो. त्यांची मायरा सात वर्षांची. ती फक्त शनिवारी दिवसभर आमच्याकडे वॉटफर्डला यायची, आणि संध्याकाळी मिहीर तिला हॅरोला आईकडे सोडून यायचा. निम्मा आठवडा तरी ती इथे राहावी म्हणून मिहीरने कोर्टात अर्ज केला होता. त्याचा रिपोर्ट हेलन नावाची बाई लिहिणार होती. घर बघणार, आमच्याशी बोलणार, आणि मायराशी एकटीशी बोलणार. तिने चांगलं लिहिलं तर नात घरात. वाईट लिहिलं तर तो एक शनिवारसुद्धा राहील की नाही, देव जाणे. मला आठवडाभर घास गिळवत नव्हता.

मायराला लॉफ्टची, म्हणजे वर छपराखालची खोली द्यायची ठरली होती. ती खोली इतकी वर्षं पद्माकरांची स्टडी. पद्माकर म्हणजे माझे यजमान, रिटायर्ड अनेस्थेटिस्ट, भूल देणारे डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलांत अख्खा जन्म काढला त्यांनी. "खोली मी रिकामी करतो, तू वर चढू नकोस," असं ते रोज म्हणायचे आणि रोज काही करायचे नाहीत. मी वर चढत नव्हते हेही खरं. मागच्या हिवाळ्यात मला नागीण झाली. फोड वाळले, पण आतली आग काही विझली नाही. उजव्या बरगडीखाली ब्लाउजचं कापड घासलं तरी जीव जातो. गोळ्या घेतल्या की चक्कर येते, जिन्यात एकदा पडलेही. पण त्या सोमवारी हे कॅशोबरी पार्कात फिरायला गेले आणि माझा पारा चढला. म्हटलं, यांच्या भरवशावर राहिलो तर पोरगी पुस्तकांच्या ढिगाऱ्यावर झोपेल. कठडा धरधरून वर गेले.

पुस्तकांच्या कपाटामागे, एका लांब दिव्याखाली ते उभं होतं. दोन वीत उंच, पंजासारखी पानं, कडेला करवतीचे दाते. मला काय वाटलं ते कसं सांगू! या देशात आल्यापासून मी अंबाडीच्या नावाने रडतेय. हॅरोच्या दुकानात कधीतरी मिळते ती मरतुकडी, निम्मी काळी पडलेली. लसणाची चरचरीत फोडणी घातलेली अंबाडीची भाजी आणि भाकरी मी यांना किती वेळा ऐकवली असेल! आणि ज्या माणसाच्या हातून मनी प्लांटसुद्धा जगला नाही, त्याने माझ्यासाठी चोरून अंबाडी लावली? डोळे भरून आले माझे.

पण झाडाचं काही खरं नव्हतं. खालची पानं पिवळी पडून लोंबत होती आणि पिवळेपणा वर सरकत चालला होता. मी कुंडीत बोट घातलं. किच्च चिखल. कुंडी बघितली तर ती शोभेची, बुडाला भोकच नाही. एक पिवळं पान तोडून चावून बघितलं, तर आंबटपणाचा पत्ता नाही. कडवट, आणि वास काहीतरी वेगळाच. म्हटलं, ऊन नाही पाऊस नाही, दिव्याच्या उजेडात आंबटपणा कुठून येणार बिचाऱ्याला.

आणि मग मी माझ्या कर्माने फोन काढला. आमच्या मंडळाचा व्हॉट्सॲपवर बागकामाचा ग्रुप आहे. छान जवळून फोटो काढला आणि लिहिलं, "आमच्या ह्यांनी लॉफ्टमध्ये अंबाडी लावली आहे! खालची पानं पिवळी पडताहेत. पाणी जास्त झालं असावं का?" खरं सांगायचं तर विचारायचं कमी आणि मिरवायचं जास्त होतं.

धडाधड उत्तरं आली. एकीने इप्सम सॉल्ट घालायला सांगितलं, दुसरीने आंबट ताक. मँचेस्टरच्या मुरलीधरभाऊंनी लिहिलं, "बी कुठून आणलंत? मलाही पाठवा." आणि त्या सगळ्यांत एक अंगठा होता मालविकाताईंचा. मालविकाताई म्हणजे तनूची आई, माझी विहीण. वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. म्हटलं, बघा, बघा आणि जळा.

तेवढ्यात अनुयाचा फोन आला. अनुया ग्रुपची ॲडमिन, प्रायमरी शाळेत टीचर आहे. आवाज एकदम दबका.

"काकू, घरी एकट्या आहात? तो फोटो मी आत्ता डिलीट केलाय."

"का गं?"

"काकू, ती अंबाडी नाहीये. आम्हाला शाळेत दर वर्षी ट्रेनिंग असतं, त्यात फोटो दाखवतात. तो गांजा आहे."

मी हसलेच आधी. "काहीतरीच काय! मी अंबाडी ओळखत नाही होय?"

"काकू, प्लीज. पानं सेम दिसतात. देठावर बारीक काटे आहेत का? चव आंबट आहे का?"

काटे नव्हते. चव तर अजून माझ्या जिभेवर होती. मी खाली बसले, तिथेच, त्या झाडासमोर.

"काकू, गुरुवारी तुमच्याकडे ती व्हिजिट आहे ना? घरात हे सापडलं तर मिहीरदादाला मायरा मिळणं विसरा. आत्ताच्या आत्ता घालवा ते."

"कुणी कुणी बघितला फोटो?"

"बऱ्याच जणांनी. मालविकाकाकूंनी पण."

पहिला संशय मला मिहीरचाच आला. लग्न मोडल्यापासून एकटा एकटा असतो, कुठे जातो सांगत नाही. मनातल्या मनात मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. पोटच्या पोरीसाठी कोर्टात जातोस आणि डोक्यावर हे उगवतोस? तेवढ्यात खाली दार वाजलं. हे आले होते. मी वरूनच हाक मारली, "अहो, वर या!"

माझा आवाज वरून येतोय म्हटल्यावर ते जिन्यातच थांबले. मग हळूहळू वर आले. मला झाडासमोर बसलेली बघून खुर्चीत बसायच्या ऐवजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसले.

"मिहीरचे धंदे ना हे?" मी विचारलं.

"नाही. माझं आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी हा माणूस लाल दिव्याला थांबून राहतो. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तर बेचैन होतो.

"कशाला?"

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. "पेन क्लिनिकमध्ये त्या डॉक्टरने रीतसर औषध म्हणून विषय काढला होता. तू पर्स उचलून बाहेर गेलीस. 'गांजा ओढायला सांगतो मेला,' म्हणालीस."

"म्हणून तुम्ही घरात लावलात?"

"आंघोळीला जातेस तेव्हा नळ सोडून रडतेस तू, वीणा. मला ऐकू येतं बाहेर." त्यांनी चष्मा काढला. "आयुष्यभर लोकांच्या वेदना घालवल्या मी. घरात काही करता येत नाही."

मला एकाच वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि थोबाडीत मारावीशी वाटली. "आणि कशात घालून देणार होतात मला? वरणात? सही घेतल्याशिवाय कुणाला सुई टोचली नाहीत कधी, आणि बायकोला न विचारता?"

"विचारणार होतो. आधी झाड तर जगू दे, म्हटलं. तेही जगेना." आणि इतक्या सगळ्यात त्यांच्या चेहऱ्यावर तो डॉक्टरी भाव आला, वॉर्डात पेशंटपुढे असायचा तसा. "महिनाभर बघतोय. आधी वाटलं नायट्रोजन कमी पडतोय. मग दिवा वर घेतला. खालून पिवळं पडत वर येतंय, काही कळत नाही."

"कळायचंय काय त्यात? पाणी जास्त झालंय. मुळं कुजली."

"अशक्य. आठवड्यातून एकदा, सिरिंजने मोजून घालतो मी."

"बोट घालून बघा."

त्यांनी बोट घातलं. बाहेर काढलं, त्या चिखलाकडे बघितलं. "मी बुधवारी घातलं होतं. एवढंसं. एव्हाना वाळून खडखडीत व्हायला हवं."

"मग पाणी कोण घालतंय?"

मी वर येत नव्हते. मिहीर येत नव्हता, उतरत्या छताला त्याचं डोकं आपटतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, आणि मग मला तो दिसला. दिव्याच्या मागे, जाड पुस्तकाच्या आडोशाला, युनिकॉर्नचा गुलाबी कप. मायराच्या खेळण्यातल्या टी-सेटमधला. दर शनिवारी ती "आजोबाला चहा देते" म्हणून टुणटुण वर जायची. मी खालून कौतुक करायचे.

बरगडीतली आग मी क्षणभर विसरले.

"तिला माहीत आहे?"

"एकदा वर आली होती, दिसलं तिला." त्यांचा आवाज पार खोल गेला. "मी म्हटलं, हे आजीसाठी सरप्राइज आहे. सांगायचं नाही, आपलं सीक्रेट. पाणी घाल असं नाही सांगितलं मी. ते तिचं तिनेच."

झाड काय, मिनिटात नाहीसं करता येतं. पोरीच्या डोक्यातलं कसं काढायचं? गुरुवारी बंद दाराआड ती परकी बाई तिला विचारणार, आणि आमची मायरा म्हणजे विचारलं की सगळं सांगून मोकळी.

"गुरुवारी भेटीसाठी तिला शाळेतून इथे मीच आणणार आहे ना, तेव्हाच वाटेत समजावतो," हे म्हणाले. "झाडाचं काही बोलायचं नाही, एवढंच."

"खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की ते दचकले. "आधीच एक सीक्रेट बांधलंत तिच्या गळ्यात. शाळेत पहिलं हेच शिकवतात त्यांना, मोठ्या माणसाने सीक्रेट ठेवायला सांगितलं तर येऊन सांगा. आणि आजोबाने दोनदा सांगितलं म्हटल्यावर ती हेलन काय काय समजेल, कळतंय का तुम्हाला?"

त्यांना कळलं. मी त्यांना इतकं म्हातारं कधी बघितलं नव्हतं.

झाड मी स्वतः उपटलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती, निदान माझंच बरोबर होतं. आता टाकायचं कुठे? कौन्सिलच्या फूड-वेस्टच्या डब्यात टाकायची हिंमत होईना, शेजारच्या बिनमध्ये तर नाहीच. शेवटी तुकडे केले, चटणीच्या मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवलं आणि टॉयलेटमध्ये ओतलं. तीन वेळा फ्लश केलं. मिक्सरचं भांडं घासून घासून माझी बोटं दुखायला लागली तरी वास जाईना, आणि तो वास भांड्यात आहे की माझ्या डोक्यात, तेही समजेना. मिहीरला आम्ही काही सांगितलं नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, बापावर गेलाय.

खोली रिकामी करून मायराचा पलंग लावला, पुस्तकांचं कपाट तेवढं राहिलं; पण गुरुवारपर्यंतचे दिवस कसे काढले, मलाच माहीत. पार्सलवाला आला तरी मी आधी पडद्याआडून बघायचे. रस्त्यात पोलिसांची गाडी हळू झाली, ती एका सायकलवाल्यासाठी होती, पण माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. आणि सारखा डोळ्यांपुढे मालविकाताईंचा तो अंगठा. त्यांना कळलं असेल का? कळलं असेल तर एव्हाना तनूच्या वकिलाकडे गेलं असेल. न कळेल कसं? बाई आयुष्यभर बायॉलॉजी शिकवत होती.

गुरुवारी हेलन आली. पन्नाशीची, साधा कार्डिगन, गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊ. मला वाटलं होतं फौजदारासारखी असेल. तशी असती तर बरं झालं असतं, या मऊपणाची मला जास्त भीती वाटली. तिने चहा घेतला, चिवडा चिमूटभर घेतला, सगळ्यांशी बोलली. मग मायरा तिचा हात धरून म्हणाली, "कम, आय विल शो यू माय रूम," आणि दोघी वर गेल्या.

आम्ही तिघं खाली. मिहीर म्हणाला, "आई, रिलॅक्स. इट्स गोइंग वेल." मी मान हलवली. वर पावलं वाजत होती, पलंगापाशी, खिडकीपाशी. मग कपाटाच्या मागे जाऊन थांबली. खूप वेळ काही वाजलं नाही. हे हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवून छताकडे बघत बसले होते. मी मनातल्या मनात कुलदेवतेला काय काय कबूल केलं, ते सांगत नाही.

त्या खाली आल्या. मायराचे डोळे लाल होते. हातात तो गुलाबी कप होता.

"मायरा जरा अपसेट आहे," हेलन म्हणाली, आणि माझ्या शेजारी बसली. "वरती एक झाड होतं म्हणते. ती त्याला पाणी घालायची, आणि ते एक सीक्रेट होतं म्हणते. आता ते झाड तिथे नाही." ती हसत नव्हती आणि रागावलेलीही नव्हती. "कसलं झाड होतं ते?"

मिहीर गोंधळून आमच्याकडे बघायला लागला. यांनी तोंड उघडलं, आणि मला माहीत होतं की त्यातून खरं तेच बाहेर पडणार.

"अंबाडी," मी म्हणाले.

सोमवारी तोच शब्द मी किती आनंदाने ओरडले होते! आता तो तोंडातून ओढून काढावा लागला. "आमच्या भागातली पालेभाजी आहे. सोअर लीव्ह्ज. डाळीत घालतो आम्ही. मला सरप्राइज म्हणून यांनी गुपचूप लावली होती." सगळं खरं होतं त्यात, एक शब्द सोडून.

हेलनचा चेहरा एकदम उजळला. "ओह! मायराच्या दुसऱ्या आजी म्हणाल्या होत्या मला परवा. आजोबांनी लॉफ्टमध्ये आजीसाठी गावाकडची भाजी लावलीय, फोटो बघितला म्हणाल्या. मला तर त्यांना तुमचा हेवा वाटतोय असं वाटलं." तिने काहीतरी लिहून घेतलं.

मालविकाताईंना खरंच कळलं नव्हतं, की कळूनही त्या तसं बोलल्या, हे मी त्यांना आजतागायत विचारलेलं नाही. विचारायची छाती होत नाही. त्या क्षणी मला एवढंच वाटलं, की वाचलो.

आणि मायरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजी, माझ्यामुळे मेला का झाड?" तिचं मराठी असंच आहे, झाड मेला, फूल आली. "मी खूप पाणी घातला म्हणून?"

मिहीर एकेक वाक्य हेलनला इंग्रजीत सांगत होता. हेलन पेन थांबवून माझ्याकडे बघत होती, अगदी प्रेमाने, ही आजी आता काय म्हणते ते ऐकायला. नाही म्हणाले, तर पुढचा प्रश्न ठरलेला. मग का मेलं? मग कुठे गेलं? कुणी उपटलं? सात वर्षांचं पोर एका 'का'वर थांबत नाही, आणि आमच्याकडे दुसऱ्या 'का'चं उत्तर नव्हतं.

"हो बाळा," मी म्हणाले. "पाणी जास्त झालं. पिवळी पडली ना पानं, म्हणून मेलं."

ती रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं. तिने तो कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सॉरी, आजी." हेलनने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि असं होतं कधीकधी, चुकतो आपण, असं काहीतरी छान बोलली.

रिपोर्ट चांगला आला. घरात प्रेम आहे, असं लिहिलंय त्यात. आता मायरा गुरुवारी शाळेतून येते ती रविवारी संध्याकाळपर्यंत असते. लॉफ्टमध्ये तिचा पलंग आहे, पडदे तिनेच निवडले. मिहीर पुन्हा हसायला लागलाय. माझी बरगडी अजून तशीच जळते, फक्त आता मी आंघोळीला जाताना दार लोटून घेत नाही, आणि हे बाहेर स्टूल टाकून बसतात. पुढच्या महिन्यात पुन्हा क्लिनिकला जायचंय, यावेळी तो डॉक्टर काय म्हणतो ते मी बसून ऐकणार आहे.

मायराच्या खिडकीत मी एक कुंडी ठेवली, बुडाला चांगली भोकं असलेली, आणि तिच्या हातून मेथी पेरली. "ही तुझी," म्हटलं. "तूच पाणी घालायचंस." तो गुलाबी कपही शेजारी ठेवला. ती हो म्हणाली.

काल चादर बदलायला वर गेले तर मेथीची पानं पिवळी पडलेली. मी बोट घातलं. माती कोरडी ठणठणीत, कडेने कुंडी सोडून आलेली, आणि कपात आतून धूळ बसली होती. यावेळी मी कुणालाही फोटो पाठवला नाही.